बेदाणा शेडवर रास्पबेरी पाय: एका हंगामाच्या नोंदी

१८ जानेवारी, शनिवार

गेल्या वर्षी मार्चच्या अखेरीस एका रात्रीत आमचा अर्धा रॅक काळवंडला. पाऊस धड पडलाही नव्हता. आभाळ भरून आलं, हवा ओली झाली आणि ती पहाटेपर्यंत शेडमध्ये कोंडून राहिली. हिरव्या बेदाण्याच्या भावानं जायचा माल काळ्या बेदाण्यात गेला. आप्पा त्या रात्री शेडवरच झोपले होते. पडदे त्यांनी संध्याकाळीच सोडले होते, तरी हे झालं. तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या डोक्यात आहे: पडदे सोडल्यावर आत नेमकं काय होतं?

शेड सावळजजवळ आहे. शंभर फूट लांब, एकावर एक अकरा जाळ्या, वर पत्रा, दोन्ही बाजूंना पडदे. द्राक्षं तास-ए-गणेश. तासगाव तालुक्यातल्याच बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला हा वाण. मी राहते सांगलीत, विश्रामबागला, त्यामुळे शेडवर जाणं शनिवार-रविवारी. बाकीचे पाच दिवस तिथली हवा मला घरबसल्या दिसायला हवी, आणि तिच्या नोंदी रात्रभर व्हायला हव्यात.

घरी एक रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, म्हणजे तळहातापेक्षा लहान संगणक, पडून होता. ५१२ एमबी मेमरी आणि चार कोअर, एवढ्याशा कामाला पुष्कळ. नुसते आकडे घ्यायचे असते तर पिको किंवा ईएसपी३२ सारखी साधी मायक्रोकंट्रोलरची पाटी सुद्धा चालली असती, वीजही कमी लागली असती. पण मला आकडे साठवायला, त्यांचे आलेख काढायला आणि पुढे त्यावरून काही ठरवायला एकाच जागी सगळं हवंय. म्हणून पाय.

२६ जानेवारी, रविवार

सेन्सर विकत घेतला की त्याचा आकडा खराच असेल असं धरून चालणार नाही. म्हणून काल रात्री मिठाची परीक्षा घेतली. काचेच्या बरणीत तळाला साधं मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी. वर पाणी तरंगता कामा नये. त्याच्या वर सेन्सर लोंबकळत सोडायचा, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळायची आणि बारा तास हात लावायचा नाही. अशा बंद बरणीत हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, खोली थोडी गार असो की गरम. मीठ स्वयंपाकघरातलं, खर्च काहीच नाही.

सकाळी बघितलं. तिन्ही एसएचटी३१ (तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर) अनुक्रमे ७५.९, ७४.८ आणि ७६.२ दाखवत होते. जुना डीएचटी२२ मात्र ६९ वर. तो बाजूला काढला. बेदाण्याच्या कामात सहा टक्क्यांची चूक परवडत नाही.

तिघांची नावं ठेवली: ‘वर’, ‘खाली’ आणि ‘बाहेर’. बरणीतले आकडे डबीवर मार्करनं लिहून ठेवले, हंगाम संपल्यावर पुन्हा ताडून बघायला.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर कथिल आणि धूर. या झीरोला पिना लावलेल्या येत नाहीत, चाळीसच्या चाळीस झाळाव्या लागल्या.

एसएचटी३१ आय-टू-सी वर बोलतो आणि त्याला पत्ते दोनच मिळतात. माझे सेन्सर तीन. शिवाय वायर लांब. आय-टू-सी मुळात एका पाटीवरच्या दोन चिपांनी बोलायची भाषा आहे, ती शंभर फुटी शेडमध्ये ओढायची नसते. नेटवर्कच्या केबलमध्ये मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड धारिता, म्हणजे वायरीची विद्युतभार साठवायची क्षमता, भरते आणि या भाषेची मर्यादा ४००. म्हणजे आठ मीटरला खेळ संपला. पहिल्यांदा बारा मीटर केबल लावून बघितली होती, दर तिसरं वाचन कोरं येत होतं.

टीसीए९५४८ए हा मल्टिप्लेक्सर लावल्यावर दोन्ही अडचणी एकदम सुटल्या. त्याला आठ फांद्या असतात आणि एका वेळी एकच फांदी जोडायची. त्यामुळे एकच पत्ता असलेले तीन सेन्सरही भांडत नाहीत आणि धारिताही त्या एकाच फांदीची धरायची. पायची पेटी शेडच्या मधोमध ठेवायची, कुठलीच फांदी सहा मीटरच्या पुढे न्यायची नाही. वेगही १०० किलोहर्ट्झवरून १० वर आणला. पाच मिनिटांतून एकदा वाचायचंय, घाई कशाला? रात्रभर चालवलं, एकही वाचन कोरं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

शेडवर बसवलं. २० वॅटचं सोलर पॅनल, १२ व्होल्टची ७ एएच बॅटरी, ५ व्होल्ट करायला बक मॉड्यूल, नेटसाठी सिमकार्डाचा डोंगल. शेतीच्या लाइनवर भरवसा ठेवून हे चालणार नाही.

संध्याकाळपर्यंत पाय अकरा वेळा आपोआप बंद होऊन चालू झाला.

९ फेब्रुवारी, रविवार

सापडलं. बॅटरी आणि बक मॉड्यूल मी खाली, सावलीत ठेवलं होतं आणि तिथून ५ व्होल्ट बारीक वायरनं पंधरा फूट वर नेले होते. मॉड्यूलपाशी ५.१ व्होल्ट, पायपाशी ४.९. पण डोंगल नेटवर्क शोधायला लागला की पायपाशी ४.५८. मोठे पाय ४.६३ च्या खाली गेले की नोंदवहीत तक्रार करतात, पण झीरोवर ती सोय नाही, त्यामुळे मोजून बघेपर्यंत काही कळलं नव्हतं. आता १२ व्होल्ट वरपर्यंत नेले आणि मॉड्यूल पायला चिकटून बसवलं. ५.०५ च्या खाली काटा जात नाही.

आप्पा शिडी धरून उभे होते. म्हणाले, “मोटारीचंबी आसंच आस्तंय. लांबनं बारीक वायर आनली की मोटर उचलत न्हाई.” त्यांना कालच विचारलं असतं तर रात्र वाचली असती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन किरकोळ कामं. झीरोवर घड्याळ नसतं, वेळ तो नेटवरून घेतो. मंगळवारी रात्री डोंगलला रेंज नव्हती तर सहा तासांच्या नोंदींवर चुकीची वेळ पडली. डीएस३२३१ चं बटणसेलवालं घड्याळ लावलं. एसडी कार्डावरची मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती केली. नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर. मध्येच वीज गेली तरी कार्ड खराब व्हायला नको.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिला माल चढला. साखर २२ च्या वर गेली होती, आप्पा आणखी थांबायला तयार नव्हते.

पहाटे सहापासून बायका घड काढत होत्या. क्रेट भरून शेडवर आले की टबात बुडवायचे. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो या द्रावणानं सैल होतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. बुडवून काढलेला घड उन्हात धरला तर मण्यांवरची पांढरट लव गेलेली असते, मणी काचेसारखे चकाकतात. तळहाताला साबणासारखा बुळबुळीतपणा येतो, तो दिवसभर जात नाही.

अकराही जाळ्या भरल्या. साधारण आठ टन द्राक्षं. चार किलोचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे येत्या पंधरा-सोळा दिवसांत या शेडमधून सहा टन पाणी हवेत जाणार. सहा हजार लिटर, गावात येतो त्या टँकरपेक्षा जास्तच. हा हिशेब मी आज पहिल्यांदा मांडला आणि मांडल्यावर पडद्यांकडं बघत बराच वेळ बसले.

‘खाली’ सेन्सर दुसऱ्या जाळीवर, ‘वर’ दहाव्या जाळीवर, ‘बाहेर’ लिंबाच्या झाडाला सावलीत, पांढऱ्या ताटल्यांच्या छत्रीखाली. त्याशिवाय डीएस१८बी२० ची पेन्सिलीएवढी पोलादी कांडी एका घडाच्या पोटात खुपसली, मण्यांचं तापमान कळायला.

आईनं जाळीच्या दोन पिशव्यांत बरोबर १००० ग्रॅम द्राक्षं घातली. एक पूर्वेच्या टोकाला टांगली, एक पश्चिमेच्या. रोज सकाळी सात वाजता ती वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणार. यासाठी लोडसेल लावायचा माझा विचार होता, पण तो उन्हातान्हात सरकत राहतो. आईचा काटा जास्त भरवशाचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रात्रीचे आकडे कामावर जाण्याआधी बघितले. पडदे संध्याकाळी सातला सोडले होते. पहाटे तीन वाजता:

आत २४ अंश, आर्द्रता ८२ टक्के.
बाहेर १९ अंश, आर्द्रता ६८ टक्के.

बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून पडदे सोडले, आणि ओल आतच जास्त.

नुसत्या टक्क्यांवरूनही हे दिसतं, पण टक्के फसवतात, म्हणून इथं नीट लिहून ठेवते. आर्द्रतेचा टक्का म्हणजे त्या तापमानाची हवा जितकी वाफ धरू शकते त्यातली किती आहे, एवढंच. गरम हवेची धरण्याची ताकद जास्त. दुपारी ३० अंशाला ४० टक्के आणि रात्री २० अंशाला ७० टक्के, या दोन्ही हवांत वाफ जवळपास तेवढीच असते. दुपारचा आकडा बघून आपण निर्धास्त होतो आणि रात्रीचा बघून घाबरतो, हवा मात्र तीच. खरी तुलना करायची तर दवबिंदू काढायचा, म्हणजे ही हवा किती अंशापर्यंत थंड केली की तिच्यातून पाणी सुटायला लागेल. वरच्या दोन्ही उदाहरणांत तो साडेचौदाच्या आसपास येतो.

काल रात्री आतल्या हवेचा दवबिंदू २०.७ आणि बाहेरच्या हवेचा १३. पावणेआठ अंशांचा फरक! बाहेर कोरडी हवा उभी होती आणि आम्ही पडद्यांनी तिला अडवून ठेवलं. आत आठ टन द्राक्षं श्वास टाकतायत आणि तो बाहेर जायला वाट नाही. गेल्या वर्षीच्या रात्रीचं कोडं मला इथं उलगडल्यासारखं वाटतंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी पाचपासून ‘वर’ सेन्सर ९९.९ वर अडकलाय. आप्पांना फोन केला. आज दुपारी डिपिंग ऑइलची फवारणी केली म्हणाले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती करायचीच असते, मला माहीत होतं. सेन्सर झाकून ठेवायला सांगायचं राहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्रीची सुट्टी, सकाळीच शेड गाठली.

‘वर’ सेन्सर काढून भिंगाखाली धरला. मधल्या टाचणीच्या टोकाएवढ्या खिडकीवर तेलाचा पातळ पडदा, त्यावर कार्बोनेटचे पांढरे कण. कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे सेन्सरच्या तोंडापाशी कायम ओलच. डिस्टिल्ड वॉटरचे थेंब सोडून धुतला, पंख्याखाली वाळवला. ७२ वर आला, शेजारचा ६९ सांगतोय. पूर्ण सुधारला नाही. आता फवारणीच्या दिवशी तिन्हींवर दुधाची रिकामी पिशवी उलटी बांधायची, हे आप्पांच्या फवारणीच्या वहीत लिहून दिलं.

मग खरं काम. आप्पांना म्हटलं, “आज रात्री पडदे उघडे ठेवूया का?”

“बाहेर दव पडतंय आन् तू पडदं उघडं ठिवाय सांगतीस?”

त्यांची भीती बिनबुडाची नाही. पण दव वरून पडत नाही. जी वस्तू हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड होते तिच्यावर ते धरतं. उघड्यावरचं गवत आभाळाकडं उष्णता टाकत टाकत थंड होतं, म्हणून सकाळी भिजलेलं असतं. द्राक्षांवर पत्रा आहे. घडाच्या पोटातली कांडी तीन रात्रींत १८ अंशांच्या खाली गेली नाही आणि बाहेरचा दवबिंदू १३ च्या आसपासच आहे. मोबाइलवर दोन्ही रेघा आप्पांना दाखवल्या. त्यांनी खूप वेळ बघितल्या, बोटानं मागं-पुढं केल्या. मग म्हणाले, निम्म्या शेडचं कर. मध्ये ताडपत्री बांधू. पश्चिमेकडचे पडदे उघडे, पूर्वेकडचे नेहमीसारखे बंद.

कष्टानं आणलेला माल त्यांनी माझ्या दोन रेघांवर सोपवला, निम्मा का असेना. रात्री मी शेडवरच राहिले.

२ मार्च, रविवार

आईचं कॅलेंडर: पश्चिमेची पिशवी ५२० ग्रॅम, पूर्वेची ५६५. शेडमध्ये गोड वास भरलाय, मधमाश्या जाळीला चिकटून आहेत.

९ मार्च, रविवार

३१८ आणि ३५०.

१२ मार्च, बुधवार

पश्चिमेची पिशवी २७२ वर. २३ टक्के घन पदार्थ असलेल्या किलोभर द्राक्षाचं पंधरा टक्के ओलाव्याला वजन २७० भरतं, म्हणजे माल झाडायला आला. आप्पांनी मूठभर दाबून, सोडून, दाताखाली चावून बघितला आणि मान डोलावली. आज जाळ्या झाडल्या. पूर्वेचा निम्मा रॅक अजून दोन दिवस घेईल.

रंगात मला फरक दिसला, पश्चिमेचा माल जरा उजळ. पण मी त्याच बाजूची आहे, माझ्या डोळ्यांना तसं दिसणारच. म्हणून आईला आणि मळणीवाल्यांना न सांगता दोन वाट्या पुढं केल्या. आईनं पश्चिमेची उचलली. मळणीवाल्यांना दोन्ही सारख्याच वाटल्या.

शिवाय पश्चिमेकडून वारा लागतो. दोन दिवस पडद्यांनी वाचवले की वाऱ्यानं, हे एका मालावरून म्हणता येत नाही. पुढच्या मालाला उलट करायचं: पूर्व उघडी, पश्चिम बंद.

१६ मार्च, रविवार

दुसरा माल चढला. या वेळी शेडवर भोंगा लावलाय, रिलेवरून. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा २ अंशांनी वर गेला की भोंगा वाजेल: पडदे सोडा. आतला बाहेरच्यापेक्षा २ अंशांनी वर असला की हिरवा दिवा: उघडे राहू द्या. मधल्या पट्ट्यात दोन्ही गप्प, तिथं आप्पा ठरवतील.

हा मधला पट्टा मुद्दाम ठेवलाय. शेवटच्या चार-पाच दिवसांत माल फारसं पाणी सोडत नाही, आत-बाहेर जवळपास सारखंच होतं. तेव्हा उघडं ठेवून मिळवण्यासारखं काही नसतं आणि गार हवेनं बेदाणा पुन्हा लोचट होण्याची भीती असते. ते हातानंच कळतं.

२९ मार्च, शनिवार

रात्री २ वाजून ४० मिनिटांनी भोंगा वाजला. मला सांगलीत मेसेज आला आणि मी उठून बसले. आकडे समोर होते: बाहेर २२ अंश, ८८ टक्के, दवबिंदू १९.९. आत २५ अंश, ५८ टक्के, दवबिंदू १६.२. दोन वाजेपर्यंत बाहेरचा दवबिंदू चौदाच्या खाली होता. चाळीस मिनिटांत सहा अंश वर. कुठंतरी पाऊस पडून त्याची हवा पुढं आली होती.

आप्पांना फोन लावला तर उचलेनात. पाच मिनिटं फार वाईट गेली. मग त्यांचाच आला, धापा टाकत: “सोडतोय, सोडतोय. ठेव.” ते आणि शेडवरचं जोडपं, तिघांनी मिळून पूर्वेच्या उघड्या निम्म्याचे दोन्ही बाजूंचे पडदे वीस-बावीस मिनिटांत खाली घेतले, दगडांनी दाबले. ३ वाजून २५ मिनिटांनी पाऊस आला. पाऊण तास, वाऱ्यासह.

पडदे पडल्यावर आतली रेघ १६ वरून हळूहळू १७.५ पर्यंत चढली आणि तिथंच थांबली. मी ती पहाटे साडेपाचपर्यंत बघत होते.

सकाळी एसटीनं शेडवर आले. वाऱ्याच्या बाजूची तळातली जाळी दहा-बारा फूट भिजलीय, तो माल आईनं वेगळा काढून पत्र्यावर पसरलाय. बाकीचा कोरडा. आप्पा नऊ वाजले तरी झोपले होते, कुणी उठवलं नाही.

पूर्व-पश्चिमेची तुलना मात्र इथं तुटली. पावसाच्या आदल्या सकाळपर्यंत पूर्वेची, म्हणजे उघडी बाजू साधारण एका दिवसानं पुढे होती. दोन नाही, एक. वाऱ्याचा वाटा होता तर.

३० मार्च, रविवार

पाडवा. पायच्या पेटीला आईनं हळद-कुंकू लावलं. भिजलेल्या जाळीतला माल पन्नासेक किलो भरेल, तो काळ्यात जाईल.

४ एप्रिल, शुक्रवार

दुसरा माल झाडला. आप्पांचा फोन: हिरवा राहिला.

१३ एप्रिल, रविवार

शेड रिकामी. सगळं उतरवलं. पॅनल आणि बॅटरी पाण्याच्या टाकीच्या पातळीसाठी तिथंच राहू दिली, बाकीचं घरी.

काल रात्री तिघांना पुन्हा मिठाच्या बरणीत टांगलं. ‘बाहेर’ ७५.४, जानेवारीत ७६.२ होता. ‘खाली’ ७६.९, तेव्हा ७४.८. ‘वर’, ज्याच्यावर फवारा बसला होता, ८१.३, तेव्हा ७५.९. म्हणजे २५ फेब्रुवारीनंतर वरच्या जाळीची आर्द्रता मी पाचेक टक्के जास्त वाचत होते. त्या नोंदी दुरुस्त करून पुन्हा मांडल्या. दवबिंदू साधारण एका अंशानं खाली येतो, २९ तारखेचा भोंगा तरीही वाजलाच असता, जरा आधीच. हिरवा दिवा मात्र काही रात्री उगाच लागला होता. मोजल्या, सहा.

पुढच्या हंगामाला आतले दोन्ही सेन्सर टेफ्लॉनची जाळी असलेल्या टोपीतले घ्यायचे. वाफ आत जाते, तेल जात नाही. तात्यांच्या शेडवरही बसवायचंय, त्यांचे पडदे दक्षिणोत्तर आहेत.